उसाची धाकटी बहीण

सोनईत पावसाळ्याच्या दिवसांत कुणाच्याही घरी सकाळी जाऊन पाहा. गॅसवर चहाचं आधण ठेवलं की घरातली बाई मागच्या दाराने बाहेर पडते. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं गवताचं एक भलंमोठं ठोंब असतं. त्यातली दोन-चार पाती ती कात्रीने कापते, नाहीतर हातानेच मोडते. नळाखाली धुऊन, गाठ मारून पातेल्यात टाकते. मग सगळ्या घराला कळतं की चहा झाला. अंथरुणात लोळणाऱ्यांनासुद्धा!

हा आपला गवती चहा. कुणी पातीचा चहा म्हणतं, कुणी हिरवा चहा. गुजरातेत लीली चा. त्याच्याबद्दल कधी कुणी कौतुकाने बोललंय असं आठवतंय का? गुलाबाचं कौतुक होतं, मोगऱ्याचं होतं, तुळशीचं तर लग्नच लागतं. गवती चहा मात्र मोरीच्या पाण्यावर मुकाट वाढतो, मुकाट कापला जातो आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हिरवा होतो. घरातल्या एखाद्या माणसाची आठवण झाली का तुम्हाला? मला होते, आणि म्हणूनच आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

आपला भाग उसाचा. मुळा धरणाचं पाणी आलं, मुळा कारखान्याचं धुराडं उभं राहिलं आणि नेवासे तालुक्याचं रूपच पालटलं. घराघरांत बोलणं उसाचं. तोड कधी येणार, वजन किती भरलं, पहिली उचल किती. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. ऊस आणि गवती चहा एकाच घराण्यातले आहेत. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने दोघंही गवतच. ज्वारी, मका, वाळा ही सगळी त्यांचीच भावंडं. गवती चहाच्या पात्यावरून हात उलटा फिरवून पाहा, उसाच्या पाचटासारखाच कापतो. दोघंही कापले की बुडातून पुन्हा फुटतात. उसाला आपण खोडवा म्हणतो, गवती चहा तर कायमचाच खोडवा. थोडक्यात काय, गवती चहा ही उसाची धाकटी बहीण.

भाऊ कुठं आणि बहीण कुठं ते मात्र बघा. भावासाठी विहीर, पाइपलाइन, ठिबक, सोसायटीचं कर्ज, कारखान्यात नोंद. बहिणीला मोरीचं पाणी. भावाचं नाव सातबाऱ्यावर पीकपाण्याला लागतं. बहिणीची नोंद कुठेच नाही.

पण आधी या बहिणीची ओळख तरी नीट करून घेऊ.

'गवती चहा' हे नाव काही फार जुनं असणार नाही. कारण चहाच मुळी आपल्याकडे उशिरा आला. आज चहाशिवाय पाहुणचार होत नाही, पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी चहा पिणं म्हणजे साहेबी थेर होतं. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मोठी माणसं त्यात होती. नावं वर्तमानपत्रात छापून आणली ती गोपाळराव जोशी यांनी. आपल्या पहिल्या महिला डॉक्टर आनंदीबाईंचे हेच ते यजमान. मग काय विचारता! मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून गावभर गहजब. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं तेव्हा रमाबाईंना किती वाईट वाटलं, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. एका पेल्यापायी एवढं रामायण!

पुढे १९३० च्या दशकात चहाच्या मंडळाने बाजारातून, जत्रांतून लोकांना फुकट चहा पाजला, करून दाखवला, आणि हळूहळू तो खेड्यापाड्यांत शिरला. तेव्हा हे वासाचं गवत चहात पडायला लागलं असेल तर ते त्यानंतरच. गवत मात्र त्याच्या आधीपासूनचं. चरकसंहितेत हिरव्या वासाच्या पाल्यांमध्ये 'भूस्तृण' नावाचं गवत येतं. ते म्हणजे हेच, असं बरेच जाणकार मानतात. म्हणजे आधी काढा होता, मग त्यात चहाची पत्ती पडली. गवत चहाच्या घरी आलं असं आपल्याला वाटतं. खरं तर चहाच गवताच्या घरी आला!

आणि हे काही फक्त आपल्याकडचंच नाही. थायलंडमध्ये त्याच्या बुंध्याचा पांढरा भाग ठेचून आमटीसारख्या सारात घालतात. तिकडे लांब जमैका बेटावर त्याला 'तापाचं गवत'च म्हणतात आणि ताप आला की उकळून पितात. सात समुद्रांपलीकडच्या बायकांना आणि आपल्याला एकच गोष्ट सुचली. गंमत आहे की नाही?

केरळात याच गवताचा थोडा वेगळा भाऊबंद पिकवतात आणि त्याचं तेल काढतात. एर्नाकुलम जिल्ह्यात ओडक्कली इथं १९५१ पासून त्यावर संशोधन केंद्र आहे. लिंबासारखा वास येतो तो 'सिट्रॉल' नावाच्या द्रव्याचा, आणि तेलात निम्म्याहून कितीतरी जास्त भाग त्याचाच असतो. साबण, अत्तर, फरशी पुसायचं औषध यांत हे तेल जातं. अ जीवनसत्त्व कारखान्यात बनवायलासुद्धा सिट्रॉल वापरतात. मोरीकडेच्या गवताची मजल बघा कुठवर!

आता घरातल्या उपयोगांचं. हे तुम्हाला मी काय सांगणार? पण दोन-चार गोष्टी उजळणी म्हणून.

चहात घालताना पाती फार वेळ खदखदवू नयेत. वास वाफेवर उडून जातो. पाणी उकळलं की पाती टाकावी, झाकण ठेवावं, दोन मिनिटांनी पत्ती-साखर. सर्दी-पडसं झालं, घसा धरला, की गवती चहा, आलं, तुळशीची चार पानं, दोन मिरे आणि गुळाचा खडा. या काढ्याने बरं वाटतं, घाम येतो, झोप लागते. अंग ठणकत असेल तर त्याच पाल्याचा वाफारा घ्यावा. लेक पुण्या-मुंबईला असेल तर पाती सावलीत वाळवून, कातरून बरणीत भरून द्यावी. उन्हात वाळवली तर रंगही जातो आणि वासही. शुगरवाल्या माणसाला नुसत्या पाण्यात उकळून, बिनदुधाचं बिनसाखरेचं चालतं. पण त्याने शुगर बरी होते असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आणि गोळी तर अजिबात बंद करू नका.

आणखी एक-दोन सावधगिऱ्या. पोटुशी बाईने चहात एखादं पातं घातलं तर ठीक, पण कडक काढे घेऊ नयेत. त्याचं तेल पोटात घ्यायचं नसतं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तर काढ्यावर काढे देत बसू नये, दवाखाना गाठावा. आणि नर्सरीतून आणताना पान चोळून वास घ्या. 'सिट्रोनेला' नावाचं अगदी तसंच दिसणारं गवत असतं. ते डासांच्या तेलासाठी, चहासाठी नाही.

लावायचं कसं? बी विकत आणायची गरजच नाही. आपल्या दारातल्या या गवताला फूल, बी सहसा येतच नाही. ठोंबाचा एक फुटवा मुळासकट उपटायचा, वरची पाती कापायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला लावून टाकायचा. तीन-चार वर्षांनी ठोंब मधूनच वाळायला लागतं. मग ते काढून, फोडून नवं लावायचं. पाणी लागतं, पण साचलेलं चालत नाही, बूड सडतं.

या 'बी नाही' गोष्टीवर जरा थांबा. बी नाही म्हणजे प्रत्येक ठोंब हा दुसऱ्या कुठल्यातरी ठोंबाचा तुकडा. तुमच्या दारातलं तुमच्या आईच्या ठोंबातून, आईचं तिच्या आईच्या नाहीतर शेजारणीच्या. नवं रोप नव्हे, तेच झाड, हातांनी पुढे पुढे आलेलं. बाळंतपणाहून परतताना, सणाला येऊन जाताना, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक फुटवा. कुठल्याही कागदावर सही नाही, शिक्का नाही. गवती चहाची वारसनोंद बायकांच्या नावाने चालते. जमिनीची मात्र पुरुषांच्या.

आणि इथेच मला जे म्हणायचंय ते येतं.

ऊस कुणाच्या कष्टावर उभा राहतो? बेणं टाकायला, खुरपायला, खत द्यायला बाया. तोडणीला पाथर्डी-शेवगावकडून, बीडकडून टोळ्या येतात तेव्हा 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत चढवते, पण कोयता मोजताना दोघांचा मिळून एकच. आणि मुकादमाकडून उचल घेताना नाव बहुतेक त्याचंच. बागायतदाराच्या घरात तरी वेगळं काय आहे? पट्टी बँकेत जमा होते ती खातेदाराच्या खात्यात. खातेदार कोण, तर ज्याचं सातबाऱ्यावर नाव. आता शेतकरी ओळख क्रमांक काढायलाही सातबाऱ्यावर नाव लागतं. नाव नाही तर तुम्ही शेतकरी नाही. आयुष्य बांधावर गेलं असलं तरी!

शरद जोशींना हे फार पूर्वी उमगलं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. पुढे १९९२ मध्ये शासनाने त्याचं परिपत्रकही काढलं. नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. त्याच चळवळीत 'सीताशेती' हा शब्द आला. बाईच्या नावचा लहानसा तुकडा, घरचं बियाणं, विकतचं खत-औषध नाही, तिच्या मनाप्रमाणे पीक. खरं सांगू? मोरीकडेचा गवती चहा, कढीपत्ता, अळू, ओवा ही आपली न मागता मिळालेली सीताशेतीच होती. फक्त तिचा उतारा निघत नव्हता.

मुलींचं म्हणाल तर कायदा आपल्या बाजूला केव्हाच आलाय. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला वाटा १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ मध्ये देशाचा कायदा बदलला आणि लग्न झालेल्या मुलीही आल्या. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं, की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र उकरून काढता येत नाहीत.

एवढं सगळं असून होतं काय? वडील जातात. तेराव्यानंतर भाऊ म्हणतो, "ताई, जरा तालुक्याला जाऊन येऊ, एक सही लागतीय." हक्कसोड पत्र! गाडी करतात, येताना हॉटेलात जेवण होतं, साडी-चोळी होते, आणि सगळं गोडीगुलाबीने पार पडतं. ताई वाचत नाही. वाचलं तरी विचारत नाही. कारण मनात भीती एकच, माहेर तुटेल.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सासरी काही बिनसलं तर पाठ टेकायला तीच एक भिंत असते. आणि भावाचीही बाजू असते. म्हाताऱ्या आई-वडिलांचं दुखणंखुपणं त्याने काढलं, जमिनीवर कर्ज आहे, दोन एकराचे चार वाटे केले तर कुणालाच काही उरत नाही. हे सगळं खरं. पण मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. जे माहेर आपल्या एका सहीवर टिकून आहे, ते आपलं किती आणि सहीचं किती? ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. बहीण गोड आहे म्हणून तिचा हक्क मुळासकट खावा का?

मी भांडायला सांगत नाहीये. कोर्टकचेरीत दोन पिढ्या जातात हे आपण बघतोच. मी म्हणते ते एवढंच. सही करायच्या आधी कागद वाचा, नाहीतर वाचून घ्या. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. सोडायचंच असेल तर सगळं सोडू नका. जमीन भावानेच कसावी, पीक त्यानेच घ्यावं, पण सातबाऱ्यावर आपलं नाव राहू द्यावं, असंही ठरवता येतं. आणि हे बोलणं वडील बसते-उठते असताना करावं, तेराव्याच्या मांडवात नाही. आपण स्वतः आई आहोत, सासू आहोत, तिथं तर आपलाच हात आहे. लेकीचं नाव लागावं असा आग्रह आईने धरला तर बाप सहसा नाही म्हणत नाही. सुनेचं नाव लावायला लक्ष्मी मुक्ती आहेच. तलाठी कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, एवढंच.

आपल्या शेजारच्या शिंगणापूरचं उदाहरण घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याला, शनीचा चौथरा बायकांसाठी खुला झाला. केवढी गर्दी, केवढे कॅमेरे! चांगलंच झालं. पण सातबारा हा त्याहून उंच चौथरा आहे. त्यावर चढताना कॅमेरे येत नाहीत. तिथं आपापल्या घरात, आपापल्या भावाशी आणि नवऱ्याशी शांतपणे, ठामपणे बोलूनच चढावं लागतं.

जाता जाता पुन्हा गवताकडे. आता घरं स्लॅबची होतायत, मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसतायत, मोरीचं पाणी बंद गटारात नाहीतर शोषखड्ड्यात जातंय. स्वच्छतेला ते चांगलंच, चिखल गेला, डास कमी झाले. पण बांधकाम ठरताना 'इथं माझं ठोंब आहे' असं म्हणायचं बाईला सुचत नाही, किंवा सुचलं तरी ती म्हणत नाही. ठोंब जातं. मग बाजारातून पाच-दहा रुपयांची जुडी येते. शहरात तेच गवत 'लेमनग्रास टी' म्हणून छान डब्यात बसतं आणि आपण कौतुकाने विकत घेतो. पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं!

म्हणून घर बांधताना मिस्त्रीला चार फरश्यांची जागा मोकळी सोडायला सांगा. जागाच नसेल तर तळाला भोक पाडलेला तेलाचा डबा किंवा फुटकी बादलीही चालते. गवती चहा तक्रार करणाऱ्यातला नाही. लेक, सून माहेर-सासर करताना तिच्या पिशवीत एक फुटवा घाला. आणि त्याच पिशवीत आणखी एक कागद घाला, माहेरच्या सातबाऱ्याचा उतारा, तिचं नाव असलेला. आता तो मोबाइलवरही निघतो.

उसाला भाऊ म्हणून खुशाल मिरवू दे. त्याच्या शेजारी एका ओळीत बहिणीचं नाव लागलं तर साखर काही कमी गोड होणार नाही.